पाणीपट्टी शेवटी ठरवा: गावच्या नळयोजनेचा हिशेब आणि संकटाची तयारी, क्रमाने

ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "शेजारच्या गावात किती आहे?" तिथे वर्षाला ६०० रुपये असेल तर इथे ५५० ठरते, हात वर होतात, ठराव होतो. मग वर्षभर त्या आकड्यात बसेल तेवढीच योजना चालवायची ओढाताण सुरू होते. वीजबिल थकतं, टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीन पावडर) संपलेली असते, गळती दिसत असूनही पाइपचा जोड दुरुस्त केला जात नाही आणि ऐन एप्रिलमध्ये मोटर जळते.

चूक दर कमी ठेवण्यात असतेच असं नाही. चूक क्रमात आहे. दर ही हिशेबाची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आधी पाणी मोजायचं, मग खर्च मांडायचा, त्यात मोटरची आणि दुष्काळाची सोय धरायची आणि त्यानंतर दर काढायचा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्यांनी हातात वही घेऊन करावा, असा हा क्रम आहे. तो एका गावाच्या स्वतंत्र योजनेसाठी लिहिला आहे. नगरपंचायतीतही हाच क्रम चालतो, फक्त आकडे मोठे होतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरणाचं गाव धरू: लोकसंख्या २०००, नळजोड ४००, विहिरीवर १५ एचपीचा पंप. यातले खर्चाचे आणि किमतींचे आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही तिथे तुमचे टाका.

टप्पा १ : बसण्याआधी कागद जमवा

दिवाळीनंतरचा आठवडा यासाठी सर्वांत बरा. विहिरीत पाणी असतं, डोकी शांत असतात आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आकडे घालायला वेळ मिळतो. बैठकीच्या आधी एवढं टेबलावर असू द्या:

- पाणीपुरवठ्याची मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं
- नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, थकबाकीसह
- पाणीपुरवठा निधीच्या बँक खात्याचं पासबुक
- दोन वर्षांतल्या दुरुस्त्यांच्या पावत्या, मेकॅनिकच्या साध्या चिठ्ठ्यासुद्धा
- मोटर आणि पंपावरच्या पाटीचा फोटो
- टाकीचा व्यास आणि उंची, टेपने मोजलेली
- कुठला व्हॉल्व्ह कुठल्या आळीचा, हे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा

नकाशा बहुतेक गावांत नसतो. तो पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो. त्याला गावभर फिरवा, सोबत शाळेतला एखादा मोठा मुलगा द्या आणि कागदावर उतरवून घ्या. बैठकीतही त्याला बोलावाच. पाणी भरणाऱ्या दोन-तीन बायाही हव्यात. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार समितीत निम्म्या महिला असायला हव्यात, पण ती हजेरी सहीपुरती उरली तर कुठल्या आळीत शेवटच्या घराला पाणी चढत नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

*इशारा:* जल जीवन मिशनमधून नवी योजना झाली असेल आणि ठेकेदार हस्तांतरणाची घाई करत असेल, तर चाचणी पूर्ण होऊन, टाकलेल्या पाइपलाइनचा नकाशा आणि पंपाचे हमीपत्रासह कागद मिळाल्याखेरीज ताबा घेऊ नका. ताबा घेतला की पुढची प्रत्येक दुरुस्ती तुमच्या खर्चात येते.

टप्पा २ : पाणी मोजा, अंदाज करू नका

मीटर नसला तरी मोजता येतं. टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. काठीवर खुणा करून ती टाकीत धरा. पंप सुरू करा आणि बरोबर अर्धा तास चालू द्या. पाणी किती सेंटिमीटर चढलं, ते लिहा. त्याच वेळी खाली वीजमीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग घ्या.

६ मीटर व्यासाच्या गोल टाकीत १ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २८३ लिटर. अर्ध्या तासात ४४ सेंटिमीटर चढलं तर साडेबारा हजार लिटर, म्हणजे तासाला साधारण २५,००० लिटर. तेवढ्या वेळात मीटर पावणेसहा युनिट पुढे गेला असेल, तर तासाला साडेअकरा युनिट. हे दोन आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पंप झिजायला लागला की पहिला आकडा कमी होत जातो आणि दुसरा जवळपास तसाच राहतो. जळण्याच्या कितीतरी आधी पंप हे सांगत असतो, पण आपण मोजत नाही.

आता गरज काढा. माणशी दिवसाला ५५ लिटर हे जल जीवन मिशनचं प्रमाण आहे. २००० माणसांना १,१०,००० लिटर लागतात. वाटेत २० टक्के गळतं असं धरलं, तर १,३७,५०० लिटर उपसावे लागतील. म्हणजे पंप रोज साडेपाच तास.

*इथे होणारी चूक:* जनावरं विसरली जातात. मोठं जनावर दिवसाला चाळीसेक लिटर सहज पितं आणि उन्हाळ्यात तो हौद नळाच्याच पाण्याने भरला जातो. तुमच्या गावात दोनशे दुभती जनावरं असतील, तर ते पाणी वेगळ्या ओळीत लिहा. उदाहरणाच्या गावात जनावरांसाठी वेगळी विहीर आहे असं धरलं आहे.

टप्पा ३ : दर वाढवण्याआधी गळती शोधा

फुटकी लाइन तशीच ठेवून पट्टी वाढवायला गेलात, तर लोक ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबर असेल.

रात्री अकरानंतर टाकी भरून घ्या. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून दोन तास थांबा. पातळी उतरली, तर टाकी किंवा तो व्हॉल्व्हच गळतो आहे. नाही उतरली, तर सगळ्या आळ्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवून बाहेरचा उघडा आणि मग एकेका आळीचा व्हॉल्व्ह उघडून पुन्हा पातळी बघा. तोट्या बंद करायची दवंडी आधी दिलेली हवी. एखाद्या आळीत दोन तासांत १२ सेंटिमीटर उतरले, तर सुमारे ३,४०० लिटर कुठेतरी जमिनीत किंवा कुणाच्या तरी हौदात गेले. सकाळी त्याच आळीत ओलसर माती, गटारातलं स्वच्छ पाणी आणि बिननोंदीचे जोड शोधा.

अशी तपासणी एकदा करताना समितीतल्या एका आजोबांनी रस्त्याकडेच्या हिरव्यागार गवताच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मे महिना होता, आजूबाजूला सगळं वाळलेलं. तिथे खणलं तर जोडाची रबरी रिंग पूर्ण बाहेर आलेली. ते गवत सगळ्या गावाने दोन वर्षं पाहिलेलं होतं.

गळती २० टक्क्यांवरून १० वर आली, तर आपल्या गावाचा उपसा १,३७,५०० वरून सुमारे १,२२,००० लिटरवर येतो आणि वर्षाचे अडीच हजार युनिट वाचतात.

*तपासा:* बिननोंदीचा जोड सापडला, तर लगेच भांडण काढू नका. ठराविक मुदत देऊन, फी आणि अनामत भरून जोड नियमित करून घ्या. पट्टी भरणारं एक घर वाढतं.

टप्पा ४ : वर्षाचा चालू खर्च मांडा

सर्वांत मोठी ओळ विजेची असते, म्हणून ती नीट करू. तासाला साडेअकरा युनिट, रोज साडेपाच तास, म्हणजे ६३ युनिट आणि वर्षाचे सुमारे २३,१०० युनिट. दर बिलाच्या एका ओळीतून उचलू नका. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन असं सगळं धरून आलेली एकूण रक्कम युनिटने भागा. इथे ७ रुपये धरू.

- वीज : १,६२,०००
- पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं वेतन, महिना १०,००० धरून : १,२०,०००
- टीसीएल : १०,०००
- पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह दुरुस्ती : ४०,०००
- मोटर-पंप देखभाल : ३०,०००
- पाणी तपासणी, बिलांची छपाई, किरकोळ : ८,०००
- एकूण : ३,७०,००० रुपये

टीसीएलचा हिशेब असा: पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल, तर १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम. आपल्या उपशाला रोज पावणेसातशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे २५० किलो. किलोला ४० रुपये धरले आहेत. पावडर जुनी झाली, ओल लागली की तिची ताकद उतरते आणि क्लोरीन २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरण्यात अर्थ नाही. म्हणून वर्षाची एकदम घेऊ नका. ती पंपघरात स्टार्टरशेजारी ठेवू नका, कारण तिच्या वाफेने पॅनेलचे संपर्कबिंदू गंजतात. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की वेगळं सांगावंसं वाटतं.

वीजबिल हातात आहेच, तर तीन गोष्टी बघून घ्या. जोडणी सार्वजनिक पाणीपुरवठा या वर्गवारीत आहे का? बिल प्रत्यक्ष रीडिंगचं आहे की सरासरीचं? पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते, ते प्रमाण) कमी असल्यामुळे जादा आकार पडतोय का? पहिल्या दोन गोष्टींसाठी लेखी अर्ज आणि मीटरचा फोटो पुरतो, तिसरीसाठी चांगला कपॅसिटर. दर महिन्याच्या एकाच तारखेला रीडिंगचा फोटो काढायची सवय कर्मचाऱ्याला लावा. वादाच्या वेळी तोच पुरावा होतो.

*इथे होणारी चूक:* मागच्या वर्षी जेवढं भरलं, तोच खर्च धरणं. मागच्या वर्षी बिल थकवलं असेल, कर्मचाऱ्याचे तीन महिने राहिले असतील, तर भरलेली रक्कम हा खर्च नव्हे. जे भरायला हवं होतं, तो खर्च.

टप्पा ५ : दोन निधी धरा, नाव देऊन

ही पायरी सर्रास गाळली जाते.

पहिला बदली निधी. पंप काही वर्षांनी बदलावा लागणारच. पंप-मोटर १,२०,००० आणि पॅनेल-केबल ६०,००० धरले, आयुष्य सहा वर्षं मानलं, तर वर्षाला ३०,००० बाजूला पडायला हवेत.

दुसरा संकट निधी. तीन महिन्यांच्या चालू खर्चाएवढी, म्हणजे ९०,००० च्या आसपास रक्कम तीन वर्षांत जमवायची. वर्षाला ३०,०००. खाजगी विहिरीवरून तात्पुरती लाइन, भाड्याचा जनरेटर, पूर ओसरल्यावरची साफसफाई हे सगळं यातून करायचं.

माझ्या ओळखीच्या एका गावात मोटर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जळाली. खात्यावर अकरा हजार रुपये होते. वाइंडिंगवाल्याने आगाऊ पैसे मागितले, त्याचं काही चुकलं नाही. वर्गणी गोळा होऊन मोटर बसेपर्यंत एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी आणायला कोण जात होतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्या गावातल्या दोन मुलींची वार्षिक परीक्षा त्याच दिवसांत होती.

दोन्ही निधी मिळून ६०,०००. आता वर्षाची गरज ४,३०,०००.

*इशारा:* वित्त आयोगाच्या बंधित निधीवर नेहमीचा खर्च उभा करू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. आयोग बदलला की अटी बदलतात, हप्ते मागेपुढे होतात. तो पैसा नवी लाइन, टाकीची दुरुस्ती, मीटर बसवणं अशा एकदाच होणाऱ्या कामांना द्या. महिन्याचं वीजबिल गावच्या पट्टीतूनच निघायला हवं.

टप्पा ६ : आता दर काढा

४,३०,००० भागिले ४०० जोड, म्हणजे १,०७५ रुपये. इथे थांबलात तर हिशेब फसला, कारण हा आकडा सगळी ४०० घरं पूर्ण पैसे भरतात असं धरतो.

९० टक्के वसुली धरा. दर महिन्याला १०० रुपये, वर्षाला १,२००. मागणी ४,८०,०००, हातात येणार ४,३२,०००. गरज भागली.

वसुली ८० टक्केच झाली तर? हातात ३,८४,०००. चालू खर्च ३,७०,००० चा. योजना वर्षभर व्यवस्थित चाललेली दिसेल, कुणाची तक्रार असणार नाही. पण दोन निधींसाठी ६०,००० ऐवजी १४,००० उरतील. ऐंशी टक्के वसुलीवर समाधान मानणाऱ्या गावाला म्हणूनच धोका दिसत नाही. वसुलीतले ते वरचे दहा टक्के म्हणजेच तुमची पुढची मोटर.

काही जण म्हणतात, ८० टक्केच येणार आहेत तर दर ११५ करा. हे करू नका. न भरणाऱ्यांचा बोजा भरणाऱ्यांवर कायमचा टाकला, की तेही भरायचे थांबतात.

मीटर असतील तर टप्प्यांचे दर ठेवा. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरप्रमाणे महिन्याला ८,२५० लिटर लागतात. तेवढ्यापर्यंत स्वस्त, त्यापुढे चढता दर. कराडजवळच्या मलकापुरात मीटर आणि चढते दर अनेक वर्षं चालले आहेत, त्यामुळे "आपल्याकडे मीटर चालत नाहीत" हे म्हणणं टिकत नाही. मात्र आठवड्यातून दोन दिवस पाणी येणाऱ्या गावाने मीटरची घाई करू नये. आधी वेळापत्रक स्थिर करा.

शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांची पाणीपट्टी कोण भरणार, तेही आताच लिहा. हॉटेल, गाड्या धुण्याचं केंद्र, मंगल कार्यालय यांचा दर घरगुती ठेवू नका.

*तपासा:* विधवा, एकट्या वृद्ध व्यक्ती, भूमिहीन कुटुंबं यांच्यासाठी सवलत द्यायची असेल, तर ती रक्कम ग्रामनिधीतून (ग्रामपंचायतीच्या सर्वसाधारण खात्यातून) पाणीपुरवठा निधीत जमा करण्याचा ठराव त्याच बैठकीत घ्या. सवलत जाहीर करून तिचे पैसे कुठून येणार हे न लिहिणं, ही दरवर्षीची चूक आहे.

टप्पा ७ : ग्रामसभेपुढे जाताना

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली ग्रामपंचायत सामान्य आणि विशेष पाणीपट्टी बसवू शकते. नुसत्या तोंडी सहमतीवर वाढ करू नका. मासिक सभेचा ठराव, नव्या दराची प्रसिद्धी, हरकतींची मुदत, हरकतींवर निर्णय आणि मग अंतिम ठराव, हा क्रम कागदावर असायला हवा. पुढे कुणी थकबाकीला आव्हान दिलं, तर याच कागदांवर तुमचं म्हणणं टिकतं किंवा पडतं.

ग्रामसभेत बोलताना आधी दर सांगू नका. मोठ्या कागदावर टप्पा ४ आणि ५ च्या ओळी लिहून भिंतीला लावा आणि एकेक ओळ वाचा. कुणाला एखादी ओळ जास्त वाटली, तर तिथेच चर्चा होऊ द्या. लोकांनी खर्चाच्या ओळी मान्य केल्या, की दराचा आकडा त्यांनाच काढता येतो.

अशाच एका सभेत मागे बसलेल्या मावशी उठल्या. "पाणी चार दिवसांनी येतं, आन् पट्टी मात्र वर्षाची? शंभर काय, दीडशे देते. मला वार आन् वेळ लिहून द्या." त्या दिवशी दराच्या ठरावाला जोडून वेळापत्रकाचा ठराव झाला, आळीवार, वेळेसह. तुम्हीही दोन्ही ठराव एकाच दिवशी घ्या. वाढीव पैसा मागताना त्याबदल्यात नेमकं काय मिळणार, हे त्याच कागदावर हवं.

टप्पा ८ : बिल आणि वसुली

वर्षाचं बिल मार्चमध्ये देऊ नका. १,२०० रुपये एकदम काढणं मजुरी करणाऱ्या घराला जड जातं, १०० जात नाहीत. महिन्याला किंवा दोन महिन्यांना बिल द्या. ऊसपट्ट्यात कारखान्याचं बिल आल्यावर, दूधपट्ट्यात दहा दिवसांच्या पगारानंतर, असा वसुलीचा दिवस गावच्या चलनाशी जुळवा. बचत गटाला ठरावीक मोबदल्यावर वसुली दिली, तर ती घरोघरी होते आणि गळतीच्या तक्रारीही त्याच फेरीत मिळतात.

पैसे घेताक्षणी नमुना १० ची पावती. अपवाद नाही. पुढाऱ्याच्या घरचे, भावकीतले, "उद्या लिहितो" असे कुणीही नाही.

थकबाकीदारांसाठी पायऱ्या ठरलेल्या ठेवा: स्मरण, समितीच्या दोन सदस्यांची भेट, हप्ते बांधून देणं, मग त्याच अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे मागणीची कायदेशीर कारवाई. लोकअदालतीत प्रकरणं ठेवली, तर बरीचशी तिथेच मिटतात. नळ तोडणं सर्वांत शेवटी. तोडला तरी त्या घराला सार्वजनिक नळाचं पाणी मिळालंच पाहिजे.

*इथे होणारी चूक:* सुरुवात सर्वांत गरीब थकबाकीदारापासून करणं. यादी रकमेप्रमाणे लावा, मोठ्या रकमा वर. त्यात सदस्यांची नावं असतील तर त्यांची वसुली आधी. पहिल्या आठवड्यात सरपंचाच्या घरची पावती फाटली, की निम्मं काम झालं.

टप्पा ९ : पाण्याचा पैसा पाण्यातच ठेवा

पाणीपुरवठा निधीचं खातं ग्रामनिधीपासून वेगळं ठेवा आणि वेगळंच राहू द्या. दिवाबत्ती, गटार, यात्रेची व्यवस्था यासाठी "तात्पुरते" उचललेले पैसे परत येत नाहीत. बदली आणि संकट निधीची रक्कम मुदत ठेवीत घाला. ती मोडायची असेल तर समितीचा ठराव आणि कारण लिहिल्याशिवाय मोडता येणार नाही, असं ठरावातच नमूद करा.

*तपासा:* महिनाअखेर रोकड वही, पावती पुस्तकं आणि पासबुक या तिन्हींची बेरीज जुळते का? दोन महिने जुळली नाही, तर तिसऱ्या महिन्यात ती कधीच जुळणार नाही.

टप्पा १० : 'एकच' ची यादी करा

पैशाची घडी बसली की तग धरण्याच्या तयारीकडे वळा. एक कोरा कागद घ्या आणि योजनेत जे जे एकच आहे ते लिहा. एकच विहीर. एकच मोटर. एकच डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर). एकच माणूस, ज्याला व्हॉल्व्ह माहीत आहेत. प्रत्येकापुढे दोन रकाने: हे बंद पडलं तर किती दिवसांत गाव कोरडं पडेल आणि पर्याय काय.

माणसाची ओळ सर्वांत स्वस्तात सुटते, म्हणून तिथून सुरुवात करा. दुसऱ्या एकाला महिनाभर सोबत फिरवून शिकवा आणि महिन्यातले दोन दिवस त्यालाच पाणी सोडायला लावा.

मोटरसाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर (तीनपैकी एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) आणि कोरडी चालू नये म्हणून पातळीचा संरक्षक बसवा. दोन फेजवर फिरून जळालेल्या मोटरी मी मोजायचं सोडलं आहे. वीज आली की आपोआप चालू करणारा ऑटो स्विच हे संरक्षण नसताना लावू नका. त्याने रात्री उठायचा त्रास वाचतो आणि मोटर जाते. जुनी मोटर चालू स्थितीत असेल तर विकू नका. रिवाइंड करून गोणपाटात बांधून, कोरड्या जागी पर्यायी म्हणून ठेवा.

विजेसाठी दोन महिन्यांच्या बिलाएवढी रक्कम खात्यात कायम असू द्या. जनरेटर विकत घ्यायची गरज नसते. तालुक्यात कुणाकडे तुमच्या मोटरला पुरेल एवढा मिळतो, भाडं किती आणि जोडायला चेंजओव्हर स्विच (लाइनची वीज तोडून जनरेटरची घेणारा) बसवलेला आहे का, एवढं आधी हवं.

टप्पा ११ : टंचाईच्या पायऱ्या आधी लिहा, मग वागा

विहीर एका रात्रीत आटत नाही. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याआधी कित्येक महिने पातळी खाली जाताना दिसत होती. पातळी उतरताना दिसली तर काय करायचं, हे आधी लिहिलेलं असावं लागतं.

ऑक्टोबरपासून दर सोमवारी सकाळी, पंप सुरू करण्याआधी, दोरीला वजन बांधून विहिरीची पातळी मोजा. पंप बंद केल्यावर पाणी किती तासांत पुन्हा चढतं, तेही महिन्यातून एकदा लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागून घ्या आणि आपल्या आकड्यांशेजारी ठेवा.

मग पायऱ्या ठरवा. उदाहरणार्थ:

१. गरजेच्या ८० टक्के पाणी मिळतंय: बांधकामं आणि परसबागांना नळाचं पाणी बंद, नवे जोड थांबवा, आणखी एक रात्र गळती तपासणी.

२. ६० टक्के: दिवसाआड पाणी, पण वेळ पक्की. खाजगी विहीर अधिग्रहणाचा प्रस्ताव तहसीलकडे.

३. ४० टक्के: तात्पुरती लाइन किंवा टँकर, वाटपाची जागा आणि यादी आधीच जाहीर.

टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत होतो. तुमच्या गावाचं नाव आणि अपेक्षित उपाय त्यात वेळेवर गेले नसतील, तर एप्रिलमध्ये धावपळ करून हाती कमी लागतं. ज्यांची विहीर उन्हाळ्यात टिकते, अशा दोन शेतकऱ्यांशी दिवाळीतच बोलून ठेवा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्याने बंधन आहे, हे गावात फलक लावून सांगा. बोअरची गाडी आल्यावर सांगितलं, तर वैर होतं.

टप्पा १२ : पूर आणि साथ

नदीकाठच्या गावांनी पॅनेल, स्टार्टर आणि मीटर माहीत असलेल्या सर्वांत उंच पूररेषेच्या वर चढवावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली भागात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे राहिले. पाणी चढू लागलं की मोटर कुणी काढायची, कुठल्या पातळीला, याची नावं लिहून ठेवा. पूर ओसरल्यावर आधी विहिरीचा उपसा करून गाळ काढा, मग शुद्धीकरण, मग लाइन धुऊन घ्या. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्यायची दवंडी चालू ठेवा. ओली झालेली मोटर वाळवून, तपासून घेतल्याशिवाय तिला वीज देऊ नका.

साथीसाठी वेगळं काही नाही, रोजचं काम रोज करायचं. टीसीएल बादलीत कालवून निवळू द्या, वरचं पाणी टाकीत टाका, अर्धा तास थांबा. ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला आहे का, ते रंगावरून दाखवणारी) टाकीजवळच्या नळावर करून भागत नाही. शेवटच्या घरातल्या नळावर करा. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे.

टप्पा १३ : महिन्याचा एक कागद

दर महिन्याच्या ५ तारखेला ग्रामपंचायतीच्या फलकावर आठ ओळी लावा: पंप किती तास चालला, किती युनिट लागले, तासाला किती लिटर पाणी चढलं, विहिरीची पातळी, महिन्याची मागणी आणि वसुली, थकीत वीजबिल, दोन निधींची शिल्लक, शेवटच्या घरातली ओटी चाचणी.

तासाचे लिटर मागच्या महिन्यापेक्षा दहा टक्क्यांनी घटले, तर मेकॅनिकला बोलवा. तास तेवढेच आणि युनिट वाढले, तर पंपाचं बेअरिंग बघा. वसुली ९० टक्क्यांखाली गेली, तर त्या महिन्यात संकट निधीत किती कमी पडले, तो आकडा त्याच कागदावर लाल शाईने लिहा आणि पुढच्या मासिक सभेचा पहिला विषय तोच घ्या. दिवाळीनंतर हे बारा कागद एकत्र शिवून टप्पा १ च्या टेबलावर ठेवा.